सासऱ्यांचा रुसवा

सासरे घरात असते तर आडवे आले असते. म्हणून ते वाचनालयात गेल्यावरच मी माणसं बोलावली आणि फाटकावर पसरलेलं झाड तोडून घेतलं. रोज उठून गाडीवरची पाखरांची घाण कोण धुणार? अकरापर्यंत फांद्यासुद्धा उचलून नेल्या.

सासरे म्हणजे घड्याळाच्या काट्यावर परतणारा माणूस. साडेअकरा झाले, बारा झाले, तरी पत्ता नाही. माझा घरात पाय ठरेना. दहा वेळा दाराशी जाऊन आले.

समोरची शेजारीण गॅलरीतून म्हणाली, "अहो, दोनदा गेले की ते तुमच्या फाटकावरून! एकदा इकडून तिकडे, एकदा तिकडून इकडे."

म्हणजे झाड गेलेलं बघितलं तर. या वयात हे रुसवेफुगवे! मी चपला अडकवून धावले. गल्लीच्या टोकाला, रणरणत्या उन्हात, घामाने निथळत उभे होते.

"बाबा, काय बोलायचं ते घरी येऊन बोला. झाड मीच तोडायला सांगितलं. झालं?"

त्यांनी हात पुढे केला. तो माझ्या खांद्याशेजारून हवेतच गेला.

"तोडलं होय! मला वाटलं, मीच चुकलो," ते म्हणाले. "अगं, वर्ष झालं, डोळ्यांपुढे नुसता धूर आहे. सांगितलं असतं तर तुम्ही बाहेर सोडलं नसतं. डोक्याला गार लागलं की आपलं फाटक आलं, एवढ्यावर चाललं होतं माझं."