दोघींचा एक श्वास

दोघींच्या छातीवर डॉक्टरांनी श्वास जोडणाऱ्या पट्ट्या चिकटवल्यापासून अपुऱ्या दिवसांची मिहिका आईच्या, शाल्मलीच्या, श्वासावरच श्वास घेत होती. शाल्मली घाबरली, की पाळण्यातही धाप लागे.

“तूच अशी धापा टाकतेस, मग पोर काय करणार गं? बस जरा शांत,” सासूबाईंनी बजावलं.

म्हणून ती मांडी घालून बसली. फोनवरच्या योगशिक्षिका म्हणाल्या, “सावकाश श्वास घ्या. चार अंक मोजेपर्यंत रोखा.”

पाळणाही शांत झाला. कितीतरी दिवसांनी शाल्मलीच्या जिवाला बरं वाटलं.

“आता सोडा.”

तिला श्वास सोडता येईना. छाती हलेचना. धडपडत तिनं पाळण्यात डोकावलं.

मिहिका टक्क जागी होती. ओठ घट्ट मिटून आईकडे बघत होती. श्वास सोडायचं तिच्या मनात अजून आलं नव्हतं.