ठिपक्यांतली नोंद

चौकशी समितीपुढच्या पडद्यावर नुसती राखाडी रेती पसरली होती. तीन वर्षांपूर्वी दगावलेल्या एका सुताराच्या पोटाचा तो कुलूपबंद स्कॅन. धाकटीनं पहिली किल्ली टाइप केली. रेती विरली आणि दोन मूत्रपिंडं दिसू लागली. एक नासलेलं, एक ठणठणीत. सर्जननी ठणठणीत काढलं होतं.

ते समोरच बसले होते, घडी घातलेल्या रुमालासारखे शांत. त्या शस्त्रक्रियेनंतर महिन्याभरात धाकटीच्या ताईनं याच इस्पितळातली, स्कॅन विभागातली नोकरी सोडली आणि अंथरूण धरलं. काही विचारलं की ती भिंतीकडे तोंड करायची. ताईला काहीतरी ठाऊक आहे आणि या माणसानं तिचं तोंड दाबलंय, याबद्दल धाकटीला तिळमात्र शंका नव्हती. त्यासाठीच तर ती इथल्या रेकॉर्ड विभागात चिकटली होती. दोन वर्षं त्यांना रोज हसून नमस्कार करत होती आणि आतल्या आत दात खात होती.

सर्जननी कागदोपत्री नोंद पुसून ‘यंत्रातला बिघाड’ असं लिहून ठेवलं होतं. पण स्कॅनला कुलूप लागतं तेव्हा त्याचं चित्र ज्या ठिपक्यांनी बनतं त्यांतच आणखी एक नोंद लपवली जाते: कुठली खूण कुणी केली, कधी केली. स्कॅनला धक्का न लावता ती बाहेर काढता येते. त्याला दुसरी किल्ली लागते. ती मिळवण्यात धाकटीची ही दोन वर्षं गेली होती.

“तेवढं उघडू नका,” सर्जन हळूच म्हणाले. “तुमच्या ताईसाठी सांगतोय.”

यांना आपलं नातं ठाऊक आहे तर. आता धमकीवर आले.

“ताईचं नाव तुमच्या तोंडून नको,” ती म्हणाली आणि तिनं दुसरी किल्ली टाकली.

नोंद उमटली. डावी-उजवीची खूण उलटी पडली होती, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी, स्कॅन घेतानाच. पुढं खूण करणाऱ्याचं नाव होतं.

अध्यक्षबाईंनी ते मोठ्यानं वाचलं. सर्जननी डोळे मिटून घेतले.

“फार रडली होती,” ते म्हणाले. “म्हणून पुसलं मी.”

अध्यक्षबाईंनी पेनाचं टोपण काढलं. “या बाई सध्या कुठं असतात? कुणाला पत्ता माहीत आहे?”

धाकटीनं कीबोर्डवरचा हात काढून घेतला.

“माझ्याच घरी,” धाकटी म्हणाली.