एकविसावा दिवस

खिडकीला पोतं लावून आरतीनं सोळावं अंडं बॅटरीच्या उजेडावर धरलं. आत तेच. लाल शिरांचं जाळं विरघळलेलं आणि त्याच्या जागी रक्ताचं एक बारीक कडं. सोळाच्या सोळा अंड्यांत जीव थांबला होता.

“पाहून झालं का?” बाहेरून तिच्या नवऱ्यानं, धर्मपालनं विचारलं. “फिरवाची वेळ झाली.”

तिनं अंडं उबवणीच्या पेटीत ठेवलं. अमरावतीच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकली होती ती, त्या कड्याचा अर्थ तिला कुणी सांगायला नको होता. दोन दिवसांमागे विजेची डीपी जळाली आणि दर्यापूरच्या त्या अख्ख्या भागात दीड दिवस लाइन आली नाही. पौषातली थंडी. पेटीवर घरातल्या वाकळा टाकून झाल्या, गरम पाण्याच्या बाटल्या ठेवून झाल्या. पुरलं नाही. पिलं निघायच्या एकवीस दिवसांतला आज दहावा दिवस होता.

दार उघडून ती म्हणाली, “चांगले हायेत. सगळे.”

इतकं सरळ खोटं आपल्याला जमलं कसं, याचं तिला नवल वाटलं.

धर्मपाल जिनिंगमध्ये फिटर. दोन सालं कापूस बुडाला आणि दिवाळीनंतर जिनिंगचं फाटक उघडलंच नाही. महिनाभर तो काम हुडकत फिरला, मग बाजेवर बसला तो भिंतीकडे तोंड करूनच. जेव म्हटलं तर जेवायचा. काय झालं विचारलं तर म्हणायचा, काई नाई. त्या वर्षी गल्लीतून दोन तरण्या माणसांच्या तिरड्या उठल्या होत्या. आरतीनं घरातलं उंदराचं औषध गुपचूप फेकून दिलं. पाण्याला जाताना ती दीड वर्षाच्या शालूला त्याच्या मांडीवर ठेवून जाई. मांडीवर लेकरू असलं की माणूस एकदम उठून कुठं जात नाही. नळावरही तिचे कान घराकडेच असायचे.

पेटी तिनं पिलांसाठी केलीच नव्हती. या माणसाला दर चार तासांनी उठवील असं काहीतरी घरात हवं होतं. थर्माकोलचा खोका, चाळीसचे दोन बल्ब, ताटलीत पाणी, एक थर्मामीटर. गावरान अंडी मागायला ती कोंबड्या पाळणाऱ्या सुरैय्याआपाकडे गेली, तेव्हा आपा पोट धरून हसली होती. कोंबडीचं काम तू करशीन, त माह्या कोंबड्याइनं काय कालेजात जावं? पण दुसऱ्याच दिवशी पेटी फार तापली, आणि धर्मपाल बाजेवरून उठला. असे बल्ब नाई चालत, एवढंच बोलला. कुठल्याशा मोडक्या गिझरमधला थर्मोस्टॅट आणून त्यानं तो जोडून दिला. अंड्यांवर फिरवल्याचं कळावं म्हणून एका अंगाला फुली, दुसऱ्या अंगाला गोल अशा पेन्सिलीच्या खुणा होत्या, त्या नीट समजून घेतल्या. आणि दोन महिन्यांत पहिल्यांदा त्यानं तिला विचारलं होतं, किती वाजले?

तो प्रश्न आरतीला गमवायचा नव्हता. त्यासाठी सोळा मेलेली अंडी जपायला ती तयार होती.

दहाव्या दिवसानंतर मात्र तिनं अंड्यांना हात लावला नाही. लावता येईना. फिरवायचं काम सगळं त्याच्याकडेच गेलं. तो पहाटे उठे, अंडी फिरवी, पाणी बदली, दाढीसुद्धा करू लागला. ती रोज सकाळी पेटीशी वाकून वास घेई. आज ना उद्या अंडी सडणार आणि सगळं बाहेर पडणार. वास येत नव्हता. थंडीमुळे असेल, असं तिनं मनाला सांगितलं. शेजारणी पिलांची चौकशी करत. ती हसून बोटांवर मोजून दिवस सांगे, आणि घरात आली की हातातली भाकरी तशीच राही.

एकविसावा दिवस उजाडला. धर्मपाल अंगणात शालूला घेऊन तुरीच्या शेंगा सोलत बसला. पेटीकडे त्यानं वळूनही पाहिलं नाही. त्याचं ते निवांत बसणं तिला बघवेना. दुपारी ती त्याच्यासमोर येऊन बसली आणि दहाव्या दिवशी काय पाहिलं ते सगळं सांगून टाकलं. डीपी, रक्ताचं कडं, खोटं. कुठंच थांबली नाही.

“मी आताच्या आता आपाकडून दुसरे अंडे आणतो,” ती म्हणाली. “पुन्हा बसवू. ते गेले त अजून बसवू. तुमी फक्त सकाळी उठत जा.”

धर्मपालनं शालूला कडेवर घेतलं, आत गेला, खिडकीला पोतं लावलं आणि पेटीतलं एक अंडं बॅटरीवर धरलं.

“पाह्य.”

लाल, ताज्या शिरा कवचभर पसरल्या होत्या. मधोमध डोळ्याचा काळा ठिपका. आरती बघत होती आणि तो ठिपका टुणकन हलला.

“हे ते अंडे नोहेत,” तो म्हणाला. “तू शालूले डोस पाजाले नेलं, त्या बाराव्या दिवशी बदलले. खुणा बी तशाच काढल्या. आपाले शपथ घातली, कोणाले सांगजो नोको म्हणून.”

तिनं त्याच्या हातातल्या अंड्यावरची फुली बोटानं चाचपली.

“दोन महिने झाले, तुह्या डोयाले डोया नाई. अंडे पाहून तू भाईर आली तवा तुहं तोंड पाह्यलं, अंडे गेले हे समजलं न् म्हटलं, आता हे बाई काई वाचत नाई. तुह्यासाठीच उठत होतो मी.” त्यानं अंडं जपून जागेवर ठेवलं. “अजून बारा दिवस हायेत.”