साखळीचं दुसरं टोक

तिचा दीर समुद्रातले दिव्याचे तरंगते बोये सांभाळणाऱ्या बोटीवर तांडेल होता. एका दुपारी तो दारातच घुटमळला. "वहिनी, दादाची बोट बुडाली तिथला बोया उद्या काढतोय. आता ती गाळात रुतली, जहाजांना धोका नाही." नवरा बोटीसकट गेल्यापासून त्या बोयाचा लुकलुकता दिवा तिला स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसायचा, संध्याकाळी भाजी चिरताना ती त्याच्याशीच बोलायची. "मलाही ने," ती म्हणाली. सकाळी क्रेनने बोया उचलला. मागोमाग शिंपल्यांनी लगडलेली साखळी वर येत राहिली. ती दिराच्या बोटीचा कठडा धरून वाकली. शेवटी सिमेंटचा ठोकळा वर आला. "साखळी त्यांच्या बोटीला बांधलेली नव्हती?" "नाही वहिनी, बोये ठोकळ्यालाच बांधतात." "मग बोट?" दिराने पाण्याकडे हात केला. "इथंच, जवळपास." तिने ती जागा नजरेत धरली, पण दिराची बोट वळली आणि सगळं पाणी सारखंच झालं.