वकीलबाई कढईपाशी

"काढ तो एप्रन!" म्हातारा लम असा गरजला, की ओहायोतल्या त्याच्या चिनी खानावळीत गिऱ्हाइकांच्या वाटीतलं सूपसुद्धा दचकलं.

आजोबांनी अमेरिकेत येऊन मांडलेल्या या चुलीपाशी हात भाजून घेत त्यानं लेकीला वकील केलं होतं. आणि ती आज नोकरी सोडून कढईपुढं उभी!

"तू इथं उभी राहू नयेस, म्हणून चाळीस वर्षं मी उभा राहिलो, कार्टे!"

"मग आता बसा, बाबा," म्हणत तिनं नूडल्स कढईत टाकल्या.

म्हातारा लालबुंद झाला. तरातरा पुढं येऊन त्यानं तिचं मनगट धरलं.

"आच वाढव आधी! आणि झटका मनगटातून दे. कोर्टातले हातवारे इथं चालत नाहीत!"