नायकिणीची कांचळी

बंजाऱ्यांच्या तांड्याची इज्जत नायकाच्या पागोट्यात असते, असं बोरी अरबकडचे जाणते लोक गंभीरपणे सांगत. लालीच्या पाठवणीच्या दिवशी मात्र ती नायकीण हंसाबाईच्या कांचळीत होती. म्हणजे कांचळीच्या आत काही नव्हतं, हीच अडचण होती.

नागपूरच्या डॉक्टरांनी आधी डावीकडचं काढलं, वर्षानं उजवीकडचं. गाठ गेली, हंसाबाई राहिली. यात आनंद मानावा की कसं, हे तांड्याचं अजून ठरायचं होतं.

सकाळी तिची धाकटी जाऊ, नवरीची आई धनीबाई, ओढणीखाली काहीतरी लपवून झोपडीत आली. हंसाबाई कांचळीच्या दोऱ्या पाठीवर बांधत होती. काचा जडवलेली ही चोळी तिनं चार महिने खपून स्वतः शिवली होती. तांड्यातल्या बाया पुढून उभार धरून कापड बेततात. हिनं सरळ बेतलं होतं, जशी होती तसं, आणि त्यावर काचेला काच भिडवून बसवली होती. अंगावर ती अशी बसली होती की हंसाबाईनं दोनदा हात फिरवून पाहिला.

धनीबाईनं ओढणीखालून रुईचे दोन गोळे काढले. या जिल्ह्यात कशाचीही टंचाई पडो, कापसाची पडत नाही.

"भर बाई. घडीभराचं काम हाये. जेठजीनं धाडलं."

"नायकानं? सोता?"

"थे कसे सांगतीन तुले! मले म्हणे, उमरखेडकडचे सोयरे हायेत. देवीलाल नायकाची जिल्हा परिषदेत वट हाये म्हणे."

जिल्हा परिषदा नुकत्याच निघाल्या होत्या आणि हंसाबाईच्या नवऱ्याला, म्हणजे उत्तमसिंग नायकाला, तिथं शिरायचं होतं.

"मंग परिषदेले माही छाती कायले पाह्यजे?"

धनीबाई खाली बघत म्हणाली, "भरायचं नसन त आतच बस म्हणे. ढावल्याले येऊ नोको."

हंसाबाईचे हात दोरीवर थांबले. ढावल्याला नवरी एकेका बाईच्या गळ्यात पडते, छातीला छाती लावते आणि सुरात रडते; मगच सासरची वाट धरते. आणि ही नवरी होती लाली. ती जन्मली तेव्हा धनीबाईला दूध आलं नव्हतं. पोर वाढली ती हंसाबाईच्या अंगावर. धनीबाई हे विसरली होती असं नाही. आज तो विषय नको होता, इतकंच.

"घेऊन जाय थे रुई," हंसाबाई म्हणाली. "नायकाले सांग, पागोट्यात भर म्हणा. तिथंबी आत काई नाई, पण भरलेलं दिसते."

धनीबाईला हसू आलं. जेठाच्या, म्हणजे थोरल्या दिराच्या नावानं हसू नये म्हणून तिनं ते ओढणीत पुसलं, आणि रुई घेऊन गेली.

दुपारी हंसाबाई बायकांच्या रांगेत जाऊन उभी राहिली. एरवी तांड्यात नवी कांचळी निघाली की बाया टाका न् टाका तपासतात, काचा मोजतात, खोड काढतात. आज सगळ्या तिच्या कपाळाकडे बघून बोलल्या. चार महिन्यांच्या कामाला कोणी नाव ठेवायलासुद्धा तयार नव्हतं.

लाली रडत रडत एकेकीच्या गळ्यात पडत आली. हंसाबाईपुढं आली आणि एकदम वाकली. पायच धरले.

"पाया काहून पडून राह्यली? गळ्यात पड."

लालीनं आईकडे पाहिलं. मग पढवलेलं मोठ्या आईला म्हणाली, "मोठी याडी, तुले दुखन."

"दुखाले ठेवलंच काय पोरी? ये."

लाली उठली. हात आधी खांद्यापर्यंतच आले. हंसाबाईनं तिला ओढून घेतलं, घट्ट, मध्ये काही न ठेवता. लालीचा सूर तिथंच तुटला. ती नुसती रडायला लागली, लहान पोरं रडतात तशी, ना शब्द ना चाल. ढावल्याचा सूर असा मोडलेला चांगला नाही, असं एक म्हातारी शेजारणीला म्हणाली. हंसाबाईनं सोडलं नाही.

तेवढ्यात देवीलाल नायक नवऱ्याकडच्या वऱ्हाडातून उठला. तो या दोघींकडेच बघत होता. सगळेच बघत होते. तो सरळ उत्तमसिंगाकडे चालत गेला. उत्तमसिंगानं बायकोकडे जी नजर टाकली, तितकं खोल नागपूरच्या डॉक्टरांनीही कापलं नव्हतं.

"नायक, सोयरे झालो आता. राग मानू नका," देवीलाल म्हणाला.

"बोला ना." उत्तमसिंगानं पागोटं सावरलं.

"माही मानसं कुरकुर करून राह्यली. आता तुम्हाले नाई सांगाव त कोनाले सांगाव?"

धनीबाईनं डोळे मिटले. हंसाबाईची ओढणी खांद्यावरून घसरली होती. तिनं ती घसरू दिली आणि देवीलालकडे तोंड करून उभी राहिली.

"बकऱ्याच्या रश्शात मीठ कमी होतं," देवीलाल म्हणाला.

ते खरं होतं. तीनपैकी दोन हंडे अळणीच उतरले होते.