जर्दाळूचा डोळा

"हा बघ, डोळा फुगलाय," नवरा म्हणाला आणि जर्दाळूची एक फांदी त्याने तिच्यासाठी खाली ओढून धरली.

टेकडीच्या अर्ध्यावर ती दम खात उभी होती. ओहोळाच्या कडेला बर्फाचा पापुद्रा अजून तसाच होता आणि झाडं नुसत्या काड्या होऊन उभी होती. अशा दिवसांत वसंत शोधायला निघणाऱ्याला लोक वेडा म्हणतात, आणि सगळ्यात आधी म्हणाला असता तो तिचा नवराच. सारा जन्म रोपवाटिकेत काढलेला माणूस. वेळेआधी कशाला हात लावेल तर शपथ. घरात सगळे त्याला पाठीमागे 'कॅलेंडर' म्हणायचे, सून तर कधीकधी तोंडावरही. थंडी सरताना पहिली कळी बघायला दोघं दरवर्षी इथे यायची, आणि घाई नेहमी तिची असायची. "वेळेआधी झाडाकडे जाणं म्हणजे बाळंतिणीच्या खोलीत डोकावणं," असं म्हणून तो तिला थोपवायचा. यंदा मात्र त्यानेच सकाळी तिचे बूट पुसून दाराशी ठेवले. म्हणाला, "चल, आजच जाऊ."

आज सूर्य कुठून उगवला, म्हणून ती हसली होती. खरं तर हरखलीच होती. आजारपणानंतर ती पहिल्यांदाच घराबाहेर पडत होती. गेल्या आठवड्यात तपासण्यांचे निकाल आणायला तो एकटाच इस्पितळात गेला, तेव्हा तिने त्याला उंबऱ्यातच अडवून वचन घेतलं होतं, काय असेल ते आधी मला सांगायचं. परत आल्यावर तो म्हणाला, "काही नाही गं, नुसता अशक्तपणा." त्या दिवशी ती पोटभर जेवली आणि तिने ताणून दिली.

"फुगलाय की नाही?" त्याने फांदी आणखी जवळ आणली.

तिने बघितलं. फांदीवरचा कळीचा डोळा काळा पडला होता, खडखडीत. नवऱ्याच्या शेजारी बसून अर्धं आयुष्य कलमं बांधलेली बाई ती. जिवंत डोळा तिला अंधारातही बोटांनी कळला असता. तिने फांदीची साल नखाने खरवडली. खाली हिरवं दिसायला हवं होतं. तपकिरी भुसा निघाला.

"अहो, हा गेल्या वर्षीचा आहे. मेलाय."

"असं कसं? नीट बघ ना. बरं, हा नसेल तर हा असेल." त्याने दुसरी फांदी धरली. तिच्याकडे न बघताच.

ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. दारात आलेल्या गिऱ्हाइकाला 'हे रोप जगायचं नाही, नेऊ नका' म्हणून परत पाठवणारा हा माणूस. मेलेल्याला मेलेलं म्हणताना त्याची जीभ कधी अडखळली नव्हती. आज एका सुकलेल्या काडीसाठी तो खोटं बोलत होता, आणि तेही किती वाईट.

"फुलं यायला अजून दीड-दोन महिने आहेत," ती म्हणाली. "तोवर मी नाहीये का?"

तो फांदीवरचे डोळे चाचपत राहिला.

"मी विचारतेय तुम्हाला."

"डॉक्टरांचंही चुकू शकतं," तो म्हणाला. फांदी त्याच्या हातून सुटली.

"मुलाला सांगितलंत?"

त्याने होकारार्थी मान हलवली.

"सुनेला?"

पुन्हा तशीच मान हलली.

"माझ्या बहिणीला?"

"तिने खोदून खोदून विचारलं गं. मग काय करणार?"

म्हणून बहीण परवा काही काम नसताना येऊन गेली, आणि जिन्यातून दोनदा परत येऊन तिला बिलगली. म्हणून सुनेचा आवाज एकाएकी साखरेत घोळलेला. आणि ती मूर्खासारखी सुखावली होती! दुखणं माझ्या पथ्यावर पडलं, असं तिने बहिणीलाच हसत सांगितलं होतं. बहीणही हसली होती. मरणाचं काय ते पुढे बघता आलं असतं. पण इतकी आपली माणसं समोर बसून चहा प्यायली आणि एकाच्याही तोंडून शब्द फुटला नाही, हे तिच्या गळ्याखाली उतरेना.

"ज्याचं जळतं त्यालाच कळतं म्हणतात," ती म्हणाली. "इथे जळत होतं माझं आणि कळत होतं साऱ्या घराला."

"तुला एक कळी तरी बघायला मिळावी, एवढंच मनात होतं." त्याचे डोळे भरून आले होते. "मी काय केसाने गळा कापला का तुझा?"

"कापलात. आणि वर वसंत दाखवायला आणलंत."

तो मटकन दगडावर बसला आणि तोंड झाकून रडू लागला. एरवी ती धावली असती. आज तिला त्याचा रागच आला. रडायचा पहिला मानही त्यानेच घेतला होता. तिने शाल आवळून घेतली आणि एकटीच उतरायला लागली, चढतानापेक्षा कितीतरी भरभर.

"अगं, सावकाश उतर," मागून त्याचा आवाज आला. "वाट निसरडी आहे. पडशील."

"आता कशाला सावकाश?" तिने मागे न बघताच विचारलं.